मागची पडवी आणि पलीकडचा काठ

देवाने मला पायांना भिंगरी लावूनच खाली धाडलं, असं आत्या म्हणायची. तांदूळ निवडायला बसवावं तर सूप ओटीवर आणि मी कुंपणाच्या गडग्यावर. परवचा म्हणतानासुद्धा मी या पायावरून त्या पायावर झुलत असे आणि आत्या जपमाळ न थांबवता नुसते डोळे वटारत असे. आता गुडघ्यांनी संप पुकारला आहे. खोलीतून न्हाणीघरापर्यंत जायचं तर आधी मनाची तयारी करावी लागते. तरी हे लिहायला बसले आहे तर टेबलाखाली तळपाय हलतोच आहे. "आजी, टेबल थरथरतंय," असं नात मघाशी सांगून गेली. थरथरू दे म्हटलं.

आमचं रत्नागिरीतलं घर खाडीच्या अंगाला होतं. पुढची ओटी पाखाडीच्या पायऱ्यांकडे, मागची पडवी खाडीकडे, आणि मध्ये काळोखाचं माजघर. वडील मुंबईला एका पेढीवर होते. ते गणपतीला आणि आंब्यांच्या दिवसांत बोटीने येत, मुंबईच्या बिस्किटांचा डबा आणत आणि चार दिवस पाहुण्यासारखे राहून जात. राज्य आत्याचं. ती वडिलांची थोरली बहीण. फार लहानपणी विधवा होऊन माहेरी आलेली, उंच, काटक, आणि आवाज असा की तिने परसात हाक मारली तर शेजारची गाय उठून उभी राहायची. सोवळं म्हणजे तिचा प्राण. ती न्हाऊन स्वयंपाकघरात शिरली की आम्ही उंबऱ्याबाहेरूनच बोलायचं. आई तिच्यापुढे कधी चढ्या आवाजात बोलली नाही. "होय वन्सं," एवढंच. लहानपणी मला आईचा त्यासाठी राग यायचा. हिला स्वतःचं काही म्हणणं नाहीच की काय, असं वाटायचं.

घरातल्या आवाजांतून मला वेळ कळायची. पहाटे गोठ्यात चरवीत पडणारी धार, मग रहाटाची कुरकुर, मग आत्याचं पुटपुटणं आणि मऊभाताच्या पेजेचा वास. दुपारी सगळं निपचित पडायचं, फक्त खाडीवरून तरवाल्याची, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या होडीवाल्याची, आरोळी यायची, "चला ऽऽ पल्याड!" ती आरोळी ऐकली की माझ्या पोटात काहीतरी ओढल्यासारखं व्हायचं. कोण कुठे जातं आहे याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. कुणीतरी जातं आहे आणि मी इथे सुपाशी बसले आहे, हेच मला सोसवत नसे.

आणि मला घाई होती. घाईचं कारण माझी ताई. ताई माझ्याहून हुशार होती, पाढे उलटे म्हणायची. एक दिवस ती न्हाती झाली. आत्याने तिला मखरात बसवलं, केळीचे खुंट बांधले, बायका जमल्या, गाणी झाली, आणि ताई मान खाली घालून रडत बसली. दुसऱ्या आठवड्यात तिची पाटी माझ्याकडे आली. पुढच्या तुळशीच्या लग्नानंतर तिचं लग्न झालं आणि ती मंडणगडाकडच्या डोंगरात सासरी गेली. आत्याचा नियम सरळ होता: न्हाती झालेली पोर घराबाहेर नाही, शाळेत नाही, घराण्याचं नाव आहे. वडिलांनीही त्याला कधी हरकत घेतली नाही. तेव्हापासून मी रोज सकाळी उठल्यावर पहिल्यांदा स्वतःची धास्ती घ्यायची आणि मग दात घासायची.

अशात आमच्या मुलींच्या शाळेत नव्या बाई आल्या. देशावरच्या. "काय करतेयस" म्हणायच्या, तर आम्ही तोंडावर हात धरून हसायचो. त्यांनी वीरबाला पथक काढलं. मुलग्यांचं बालवीर पथक गावात होतंच, शिट्ट्या फुंकत हिंडायचं. आता आम्हालाही निळा परकर, पांढरं पोलकं, पिवळा गळपट्टा आणि हातात बांबूची काठी मिळाली. शपथ घ्यायची होती. तिच्यात देव, राजा आणि देश असे तिघे होते. राजाचं नाव आलं की बाईंना नेमका खोकला यायचा, आणि पुढे पुढे आम्हा सगळ्याच मुलींना त्या एका शब्दावर खोकला यायला लागला.

पावसाळ्यात पथकाला बाहेर पडायची सोय नसे. मग व्हरांड्यात गाठी मारायच्या. दमट हवेने सुंभ फुगलेलं असायचं, मारलेली गाठ सुटायची नाही आणि बाई दातांनी सोडवायला देत नसत. प्रथमोपचाराला जखमी नेहमी आमच्या वर्गातली द्वारकी, कारण ती हलत नसे. तिच्या डोक्याला, गुडघ्याला, कोपराला आम्ही तिकोनी पट्ट्या बांधायचो आणि ती त्यातच झोपी जायची. श्रावणात उघडीप मिळाली की सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, टाकळा, कुर्डू, फोडशी अशा रानभाज्या ओळखायला जायचं. आश्विनात गवत पिवळं पडलं की माग काढायचा खेळ. बाई पुढे जाऊन दगडांचे बाण मांडायच्या आणि आम्ही कातळावरून धावत सुटायचो. पहिल्याच खेळात आमची टोळी सड्यावरच्या राखणदाराच्या दगडांना खूण समजून भलतीकडे गेली. त्या दगडांवर वाटसरू पान ठेवतात हे आम्हा सगळ्यांना जन्मापासून ठाऊक होतं, पण गळपट्टा गळ्यात आल्यावर ते डोक्यातून गेलं. थंडीत पुळणीच्या वाळूवर शेकोटी, चैत्रात करवंदं. शिमग्याचे दिवस मात्र सुट्टी, कारण तेव्हा रस्त्यावरची पोरं जे ओरडतात ते वीरबालांनी ऐकायचं नाही, असं बाईंचं मत होतं. आम्ही ते घरात बसून ऐकायचो.

सगळ्यात मला आवडायची ती निशाणं. बाईंनी खुणा आमच्यापुरत्या सोप्या करून घेतल्या होत्या. दोन्ही निशाणं डोक्यावर नेऊन दोनदा फुलीसारखी एकमेकांवरून फिरवली आणि खाली आणली की "सर्व ठीक". एकच निशाण गोल फिरवलं की "मदत पाठवा". दोन्ही हात आडवे ताठ म्हणजे "कळलं". मी आईच्या फाटक्या लुगड्याचे दोन तुकडे काठ्यांना बांधून मागच्या परसात रोज सराव करायची. समोर प्रेक्षक दोन, गाय आणि आई. आई पडवीत बसून गोधडीला टाके घालायची.

"काय गो हे, माशा हाकवतेस?"

"आई, ही खूण आहे. दूरच्या माणसाला कळवायचं, सगळं ठीक आहे म्हणून."

"नि ठीक नसलं तर?"

मी एक काठी गरागरा फिरवून दाखवली. आई हसली आणि म्हणाली, "हे बरं. ओरडायला नको."

मार्गशीर्षात बाईंनी तळ ठरवला. खाडीपलीकडे एका ओळखीच्या गृहस्थांची माडांची बाग होती, तिच्यात नारळ साठवायचा मांगर होता. मुली मांगरात निजणार, रांधणार, दोन रात्री काढणार. वडिलांचा होकार मुंबईहून आला, आत्याने तो ऐकला आणि म्हणाली, "जा, जाऊन ये. न्हाती झालीस की आहेच बसायचं." मी त्या दिवसापासून तळ येईपर्यंत नीट जेवले नाही. रोज उठून आधी धास्ती, मग दात. एकदा वाटायचं दिवस लवकर सरावेत, एकदा वाटायचं सरूच नयेत, कारण रोजचा नवा दिवस म्हणजे रोजचं नवं भय.

आणि झालं ते नेमकं निघायच्याच सकाळी. मी आणि आई एकाच गोधडीवर निजायचो. पहाटे पोटात कळ आली म्हणून जागी झाले, हात लावून पाहिला आणि मला कळलं. मी रडले नाही. मला इतका राग आला की रडू सुचलंच नाही. एक दिवस! आणखी एक दिवस थांबला असता तर कावळ्याचं काय बिघडलं असतं? आई गोठ्यात होती. मी परकर मुठीत धरून तिच्यापुढे उभी राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि धार काढायची थांबली.

"आई, आता काय?"

"हळू बोल," आई म्हणाली. एवढंच. तिने हात धुतले, मला गोठ्याच्या आडोशाला नेलं, स्वतःचं जुनं मऊ लुगडं फाडलं, काय कसं ते दाखवलं. परकर तिथेच डोणीतल्या पाण्यात बुडवला. मग म्हणाली, "पल्याडची तर कधी सुटते तुमची?"

"भरती चढली की."

"बघू," आई म्हणाली. त्या "बघू"चा अर्थ मला कधीच लागत नसे. वडिलांना पत्र लिहिताना, ताईचं स्थळ आलं तेव्हा, प्रत्येक वेळी आईचं "बघू", आणि मग व्हायचं ते आत्याच्याच मनासारखं. माझे पाय गोठ्याच्या शेणावर थयथय नाचत होते. मला वाटलं, हे असंच सरणार, मी बसणार, पाटी कुणाकडे तरी जाणार आणि आई म्हणणार, "होय वन्सं."

तेवढ्यात आत्याची हाक आली. अंघोळीआधी अंथरुणं उचलायचं काम तिचं. आम्ही दोघी आत गेलो तर ती माजघराच्या दारात आमची गोधडी दोन बोटांत धरून उभी होती. मागच्या दारातून उजेड येत होता आणि डाग स्पष्ट दिसत होता.

"हे कुणाचं?"

मी तोंड उघडणार होते. खरं सांगायला की खोटं बोलायला, ते मला आजही सांगता येत नाही. आई माझ्यापुढे आली.

"माझं," ती म्हणाली.

"तुझं? जानकी, तू आत्ता संकष्टीला तर न्हालीस."

"होय वन्सं. पण माझंच."

आणि आई मागच्या दाराने बाहेर पडली, पडवीच्या कोपऱ्यात तरट अंथरलं आणि भिंतीला पाठ टेकून बसली. विटाळशी बाई बसते तशी, कुणाला शिवायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, तीन दिवस. आत्या तिच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. मी जमीन बघत होते. गोधडी तिने गोळा करून पडवीत आईच्या बाजूला टाकली आणि म्हणाली, "तुला पल्याडची तर गाठायची ना? मग उभी काय? आत येऊ नकोस, स्वयंपाकघरात पाय घालू नकोस. डबा ओटीवर ठेवत्ये."

डबा खरंच ओटीवर आला. तांदळाच्या भाकऱ्या, लसणीची चटणी, वर फणसपोळीचा तुकडा. आत्याने तो ठेवला आणि मी उचलायच्या आत चार पावलं मागे सरली. मी तेव्हा घाईत होते, मला त्यात काही वेगळं दिसलं नाही. प्रथमोपचाराची पिशवी माझ्याकडे होती. तिच्यात तिकोनी पट्ट्यांच्या खाली आईने लुगड्याच्या घड्या कधी भरल्या होत्या कोण जाणे. निघताना मी मागून वळसा घालून गेले. आई पडवीत बसलेली. तिला शिवणं माझ्या बाबतीत आता अगदी चालण्यासारखं होतं, पण आत्या खिडकीत असेल म्हणून मी लांब उभी राहिले.

"आई..."

"जा गो," आई म्हणाली. "मला काय, तीन दिवस चूल नाही नि भांडी नाहीत. बसून राहीन खाडीकडे बघत."

होडीत मुली गाणी म्हणत होत्या आणि मी होडीच्या काठाला घट्ट धरून बसले होते. इतकी वर्षं ज्या आरोळीने माझ्या पोटात ओढायचं ती आता माझ्यासाठी होती, आणि मला पल्याड जाऊन सुख लागेना. पलीकडे उतरल्यावर निराळीच पंचाईत. हात लावीन ते बाटणार. पाणी भरायला सांगितलं तर मी लाकडं आणते म्हणाले, लाकडं आणायला सांगितलं तर बाग झाडते म्हणाले. तांदूळ धुवायची पाळी आली तेव्हा मी सरळ माडांत पळून गेले. "कुसुमला आज झालंय काय? बागेतली भुतं बाहेर काढत्ये का?" असं द्वारकी म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

दुपारी सुकतीला, पाणी ओसरल्यावर, आम्ही खडकांवर गेलो. द्वारकीचा पाय कालवांवर घसरला आणि तळवा कापला. जन्मभर खोटं जखमी होणाऱ्या द्वारकीला खरं रक्त आलं तेव्हा ती इतकी चकित झाली की रडायलाच विसरली. बाईंनी पिशवी मागितली. मी ती देईना. बाईंनी माझ्या हातातून घेतली, उघडली, पट्टी काढताना खालच्या घड्या त्यांना दिसल्या. त्यांनी पिशवी मिटली, द्वारकीचा पाय बांधला, आणि मुली पुढे गेल्यावर मला जवळ बोलावलं.

"घरी ठाऊक आहे?"

"आईला."

"आणि तिनं पाठवलं?"

मी मान हलवली. मग सगळं सांगून टाकलं, गोधडी, डाग, पडवी. बाईंनी पलीकडच्या काठाकडे पाहिलं. "आज भात तू वाढायचास," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना. आधी मला."

मी भात वाढला. कुळथाचं पिठलं करपलेलं होतं, भातात धुराचा वास होता, आणि मी इतक्या धास्तीने वाढत होते की द्वारकीच्या पानात ढीग आणि बाईंच्या पानात चार शितं पडली. सगळ्या जेवल्या, ढेकरा दिल्या. कुणाचं पोट दुखलं नाही. मी रात्रभर मात्र वाट बघत जागी होते, आता दुखेल, मग दुखेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी उतरत्या उन्हात बाईंनी मला निशाणं दिली आणि काठावरच्या उंच खडकावर पाठवलं. सराव कर म्हणाल्या, कुणासाठी ते सांगितलं नाही. भरती चढायला लागली होती. पलीकडे आमच्या घराची मागची बाजू ओळखू येत होती, गोठा, परस, पडवीचं उतरतं छप्पर. मी दोन्ही निशाणं डोक्यावर नेली, दोनदा फिरवली, खाली आणली. सर्व ठीक. कुणी नव्हतं. पुन्हा केली. मग पडवीच्या सावलीतून कुणीतरी परसात उन्हात आलं. तोंड ओळखू येण्याएवढं जवळ नव्हतं, पण चाल माझ्या आईची. तिच्या दोन्ही हातांत गोधडीला लावायचे तुकडे होते, एक तांबडा, एक पांढरा. ती परसाच्या मध्यावर उभी राहिली आणि तिने ते डोक्यावर नेले. फुली. पुन्हा फुली. खाली.

मग परत वर. परत खाली. आई थांबेचना. थांबायची खूण मी तिच्यासमोर कधी केलीच नव्हती. मी रडत होते आणि हसत होते आणि दोन्ही हात आडवे ताठ धरून उभी होते, कळलं, कळलं, आणि आई आपली पलीकडे तुकडे फिरवत राहिली. जिचं स्वतःचं काही म्हणणं नाही असं मला वाटायचं ती माझी आई, भर दिवसा, विटाळात बसलेली, आख्ख्या खाडीला दिसेल अशी हात वर करून बोलत होती. मी आयुष्यात पुष्कळ हिंडले, बद्रीपर्यंत गेले, पण इतकं दूरचं आणि इतकं जवळचं मला पुन्हा कुठे काही दिसलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले. आई अजून पडवीत होती, दुसऱ्या सकाळी न्हायची होती. आत्या दारातच भेटली. "दमली असशील. आज ओटीवरच जेव," म्हणाली आणि पान ओटीवर मांडून वरून भात सोडला, हात पानाला न लावता. आमसुलाचं सार वाढलं. मग जरा लांब, खांबाला टेकून बसली.

"पलीकडून आपलं घर दिसतं का गो?" तिने विचारलं.

"दिसतं ना. परसदेखील दिसतं."

"असं," आत्या म्हणाली. "इतकी वर्षं इथे काढली, मी कधी पल्याड गेल्ये नाही." मग उठता उठता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुढल्या खेपेपासून तुझी गोधडी वेगळी घाल. नि मला काही सांगायला येऊ नकोस. तुझ्या आईला सांग. बसेल ती."

आत्या आत निघून गेली आणि आतून तिच्या जपाचं पुटपुटणं सुरू झालं, नेहमीसारखं.

तर आई बसत राहिली. महिन्यातून दोनदा, एकदा स्वतःसाठी आणि एकदा माझ्यासाठी. ते दिवस आले की आत्या मला स्वयंपाकघराकडे फिरकू द्यायची नाही, कधी अभ्यास कर म्हणून, कधी पाय मळलेत म्हणून. तिचं सोवळंही मोडलं नाही आणि माझी शाळाही. पण शेजारपाजारच्या बायका आंधळ्या नव्हत्या. जानकीला काय झालं, सारखी बसते, अंगावर जातंय की काय, अशी कुजबुज सुरू झाली. तेव्हा आत्याने स्वतः पाखाडीखालच्या वैद्यांकडून काढा आणवला, सगळ्यांना दिसेल असा ओटीवर उकळवला, आणि रोज सकाळी आईपुढे वाटी धरली. आईला कसलाही आजार नव्हता. काढा इतका कडू होता की नुसत्या वासाने माझं तोंड वाकडं व्हायचं. आई डोळे मिटून पिऊन टाकायची, वाटी उपडी करून आत्याला दाखवायची, आणि दोघी एकमेकींकडे न बघता आपापल्या कामाला लागायच्या. मी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा पास झाले त्या दिवसापर्यंत आई तो काढा घेत होती.